वजाबाकीत उरलेला हात

शरयू येणार, येणार म्हणून जगभरातली काही हजार माणसं तीन वर्षं डोळ्यांत प्राण आणून बसली होती. त्यांतली एक नागपुरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तिचं नाव उत्पला खोब्रागडे.

शरयू हे एका प्रवासी विमानाचं नाव. ते खरं विमान बावीस वर्षं उडून निवृत्त झालं होतं, आणि त्याचे पंखसुद्धा आता एका जागी उरले नव्हते. येणार होतं ते त्याचं घरात उडवायचं रूप. घरच्या संगणकावर विमानं उडवणाऱ्यांचं एक वेगळंच जग असतं. सिम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम त्यांना आकाश देतो, जमीन देतो, जगातले सगळे विमानतळ देतो. विमान मात्र ज्याने त्याने आपल्या आवडीचं वेगळं घ्यायचं. त्याला ॲड-ऑन म्हणतात. मोठा ॲड-ऑन येणार असला की ही मंडळी लग्नघरात असल्यासारखी वागायला लागतात. शरयू बनवणाऱ्या पुण्याच्या गटाने एकदा कॅप्टनच्या खुर्चीच्या रंग उडालेल्या हाताचा फोटो टाकला, तर या मंडळींच्या ऑनलाइन फोरमवर आठवडाभर तोच विषय. रंग कोपराने उडाला की घड्याळाच्या पट्ट्याने? उत्पलाने त्यावर लांबलचक लिहिलं होतं आणि त्यापायी प्रश्नपत्रिका काढायची राहून गेली होती.

एवढी ओढ असण्याचं कारणही तसंच होतं. आजवरचे ॲड-ऑन विमानाच्या प्रकाराचे असायचे. कारखान्याची पुस्तकं वाचून, त्या प्रकारचं विमान साधारणपणे कसं उडतं ते त्यांत उतरवलेलं असायचं. शरयूचं तसं नव्हतं. प्रवासी विमानात एक नोंदयंत्र असतं. वेग, उंची, इंजिनांची उष्णता, पंखांवरच्या पट्ट्यांची जागा, पायलटने योकवर म्हणजे विमानाच्या सुकाणूवर दिलेला जोर, अशा हजारो गोष्टी ते सेकंदाला कित्येक वेळा टिपत राहतं. शरयूची कंपनी बंद पडली तेव्हा तिच्या बावीस वर्षांच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या झाल्या. पुण्याच्या गटाने त्या सगळ्या एका शिकणाऱ्या यंत्राला वाचायला दिल्या. त्यातून जे घडत होतं ते एकच एक विमान होतं. एका दुरुस्तीनंतर त्याचा उजवा पंख किंचित जड झाला होता, तो तसाच जड असणार होता.

आणि उत्पलाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट होती. ते विमान तिच्या वडिलांनी चालवलं होतं.

कॅप्टन नागसेन खोब्रागडे हे रेल्वेतल्या एका फिटरचे चिरंजीव. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली, पाठीचं कारण देऊन. पुढे दोन वर्षांनी कंपवाताचं निदान झालं. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. कॅप्टन डावा हात सदऱ्याच्या खिशात घालून वावरायचे. लग्नाकार्याला जाणं त्यांनी बंद केलं होतं, आणि जुन्या सहकाऱ्यांचे फोन तर ते उचलतच नसत. मागच्या खोलीत लेकीने भंगारातल्या खुर्च्या, तीन पडदे आणि आतून मोटरींनी जोडलेले दोन योक यांचं कॉकपिट उभं केलं होतं. एक योक हलला की दुसराही हलायचा. त्या खोलीचा उंबरा कॅप्टननी कधी ओलांडला नव्हता.

"बाबा, शरयू येतेय," तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "कोणती? अशी पुष्कळ होती." आणि पेपर उलटा धरून वाचत बसले होते.

मार्च संपता संपता उत्पलाला कॉलेजात व्हिडिओ कॉल आला. पलीकडे तिशीतली एक मुलगी होती. ऋता ऐनापुरे. शरयूच्या गटातली. उत्पला स्टाफरूममधून उठून थेट प्रयोगशाळेत गेली आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, कॅप्टन खोब्रागडे तुमचे वडील ना? त्यांना आम्ही दोनदा लिहिलं. उत्तर नाही."

"कशाबद्दल?"

"त्यांच्या हाताबद्दल."

 हाताचं या पोरीला कसं कळलं? पण ऋता वेगळंच सांगत होती.

"आकाशात विमान हललं, तर त्याला तीन कारणं असतात. हवा, विमान आणि पायलट. आम्हाला निखळ विमान हवं होतं. हवेचा भाग हवामानाच्या नोंदींवरून बाजूला काढता आला. पायलटचा कसा काढायचा? कोण कसं चालवतो हे कळल्याशिवाय त्याला वजा करता येईना. कुणी योक हलकेच दाबून धरतं, कुणी सारखं टोचत राहतं. म्हणून जो जो शरयूवर बसला, त्या प्रत्येकाच्या हाताचा वेगळा नमुना बनवावा लागला. मग वजाबाकी केली. शरयू स्वच्छ निघाली. आणि बाजूला हे चारशे हात उरले."

"उरले म्हणजे?"

"आम्ही ते पुसून टाकणार होतो. एकदा सहज एक हात परत जोडून बघितला. मॅडम, तो उडवायला लागला."

उत्पलाने जवळचं स्टूल ओढलं आणि ती त्यावर बसली.

"ती माणसं नाहीत," ऋता घाईने म्हणाली. "ते बोलत नाहीत, त्यांना काही आठवत नाही. असा वारा असेल, असा रनवे असेल तर त्या माणसाचा हात काय करेल, एवढंच त्यांना माहीत आहे. ज्यांनी होकार दिला त्यांचे हात आम्ही शरयूबरोबर देणार आहोत. शिकणाऱ्याने योक धरायचा आणि शेजारचा हात अनुभवायचा. तुमच्या वडिलांचा हात... आमच्याकडे त्याच्या तोडीचे दोन-तीनच असतील. नोंदींचा करार असा आहे की पायलटकडून उत्तर आलं नाही तर घरच्यांचा होकारसुद्धा चालतो. तुम्ही आत्ता हो म्हणालात तरी पुरे."

हो म्हणणं किती सोपं होतं! बाबांना कळलंही नसतं. शरयू आली की एखाद्या संध्याकाळी दार लावून तिला वडिलांच्या शेजारी बसता आलं असतं, त्या हाताच्या शेजारी, जो तिने लहानपणी फक्त गणवेशाच्या बाहीतून बाहेर आलेला पाहिला होता. तिच्या ओठांवर शब्द आला होता.

"नाही," ती म्हणाली. "हात त्यांचा आहे. त्यांनाच विचारते."

घरी गेल्यावर दुपारी जेवताना तिने विषय काढला. कॅप्टनचा घास हातातच राहिला.

"मेल पाहिले मी. उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून नाही दिलं. विमान घ्या म्हणावं. हात मिळणार नाही."

"पण का, बाबा? तुम्ही खोलीत येत नाही, बोलत नाही. मी कशाची वाट पाहते आहे ते तुम्हाला..."

"तू कशाची वाट पाहून राहिली ते मला दिसत नाही का? तीन वर्षं पाहून राहिलो मी!" ते ओरडले. मग ताट तसंच टाकून अंगणात जाऊन बसले.

ऊन उतरल्यावर ती चहा घेऊन गेली. बराच वेळ ते भिंतीवरच्या खारीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "त्यात सगळं दिसतं का?"

"काय सगळं?"

"शेवटची वर्षं."

ती त्यांच्याजवळ बसली.

"गुवाहाटीची फ्लाइट होती," कॅप्टन म्हणाले. "वर गेलो, ऑटोपायलट लावला. निवांत. सहज खाली पाहिलं, तर मांडीवर माझा डावा अंगठा हलत होता. आपोआप. मी हलवत नव्हतो, उत्पल. मी मूठ आवळली, थांबला. सोडली, पुन्हा सुरू. को-पायलट खिडकीबाहेर पाहत होता. घरी आलो आणि राजीनामा लिहिला. पाठ वगैरे काही नव्हतं."

"मग तुम्ही लगेच थांबलात की!"

"मला पहिल्यांदा दिसलं ते तेव्हा. पण पहिल्यांदा झालं ते तेव्हाच, असं थोडंच आहे? त्याआधी किती महिने? माझ्या मागे पावणेदोनशे माणसं बसायची, बेटा. लेकरं झोपलेली असायची. मी वेळेवर त्या खुर्चीतून उतरलो की नाही, हे मला माहीत नाही. नऊ वर्षं झाली, माहीत नाही."

खार कधीच निघून गेली होती.  इतकी वर्षं तिला वाटत होतं की बाबांना हाताची लाज वाटते.

"आणि कळलं तर?" तिने विचारलं.

ते कप उचलून आत गेले. पण दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला निघाली तेव्हा ते दारात उभे होते. "त्या मुलीला बोलाव. आधी मला दाखवायचं. मग होकार-नकाराचं पाहू."

असा तो क्षण आला, ज्यासाठी फोरमवरची माणसं दिवस मोजत होती. सगळ्या जगाच्या आधी शरयू नागपुरातल्या एका मागच्या खोलीत उतरणार होती, आणि उत्पलाच्या मनात आनंदापेक्षा धाकधूकच जास्त होती.

ऋता रविवारी सकाळी आली. बरोबर एक छोटी डबी. तिने ती संगणकाला जोडली. बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं. तरी आवाज नीट ऐकू यावा म्हणून उत्पलाने कूलर बंद केला. कॅप्टन उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

पडद्यांवर एक अंधारं कॉकपिट उजळलं. उत्पला उजव्या खुर्चीत बसली. तिने बॅटरीचं बटण दाबलं, आणि पाठीमागे कुठेतरी एक पंखा दीर्घ श्वास घेतल्यासारखा फिरू लागला. एकेक दिवा जागा झाला. काचेच्या कोपऱ्यात जुना ओरखडा होता, त्यावर सकाळचं ऊन पडून तो सोन्याच्या तारेसारखा दिसत होता. तिने आजवर शंभर विमानं उडवली असतील. त्यांतली सगळी नवीकोरी होती. हे जगलेलं होतं. आपण कुणाच्या तरी घरात आलोय, असं वाटून तिने नकळत पायातल्या चपला काढल्या.

"आधी उजवं इंजिन लाव," मागून आवाज आला. "डावं उशिरा उठेल. घाई करू नको त्याला."

उजवं इंजिन सरळ सुरू झालं. डावं घरघरलं, अडखळलं, जणू कूस बदलली, आणि मग गुरगुरत उठलं. उत्पलाने मागे पाहिलं. कॅप्टन उंबऱ्याच्या आत आले होते.

"हीच," ते म्हणाले. "हीच ती."

त्यांनी डाव्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच बसले.

ऋताने त्यांच्या शेवटच्या वर्षातला हात जोडला. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर. योक कुणीही न धरता मागे आला आणि शरयूने नाक उचललं. उत्पलाने आपल्या बाजूच्या योकवर बोटं टेकली. ती खेच इतकी सावकाश, इतकी निश्चिंत होती की तिला एकदम सायकल शिकतानाची आठवण झाली. मागे धरलेला हात कधी सुटला ते तेव्हाही कळलं नव्हतं.

खाली बंगालचा उपसागर पसरला. ऑटोपायलट लागला. आता हात नुसता योकवर विसावला होता. आणि मग उत्पलाच्या बोटांना ते जाणवलं. बारीक, सारखं, मुंगीच्या चालण्यासारखं. सेकंदाला चार-पाच वेळा.

कॅप्टननाही जाणवलं होतं. त्यांनी डोळे मिटले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

ऋताने पडद्यावरची नोंद पुन्हा तपासली. "तुम्ही सोडलंत त्याच्या वीस महिने आधीपासून, सर."

"वीस महिने." ते उठायला लागले.

"सर, बसा. लँडिंग बाकी आहे."

समोर बेटं दिसू लागली. पोर्ट ब्लेअरच्या रनवेला एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. त्या दिवशी आडवा वारा जोराचा होता. नोंदीत होता तसाच तो आताही सुटला. ऑटोपायलट सुटला आणि शरयू वाऱ्यात तिरकी झाली. हाताने तिला धरलं. उत्पला थक्क होऊन पाहत राहिली. वाऱ्याचा झोत यायच्या आधीच योक वळायला लागायचा, जणू हाताला पाण्यावरच्या लाटा वाचता येत होत्या. प्रत्येक हालचाल नेमकी, आणि जेवढ्यास तेवढी. आणि मुंगी कुठेच नव्हती. तिने बोटं घट्ट दाबली, श्वास रोखला. नाही. थरथर नव्हतीच.

"कंपवाताची थरथर रिकाम्या हाताला येते," तिच्या तोंडून बाहेर पडलं. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, तिने ऐकून सोडून दिलं होतं. "हाताला काम मिळालं की ती मागे सरते."

"शेवटच्या तीन वर्षांतलं प्रत्येक लँडिंग आम्ही तपासलं," ऋता म्हणाली. "एकातही नाही, सर. एकातही नाही."

कॅप्टनचा डावा हात खिशातून बाहेर आला होता. तो थरथरत होता, खूप. तसाच तो पुढे गेला आणि हलत्या योकवर टेकला. म्हातारा हात त्या दुसऱ्या हाताबरोबर डावीकडे गेला, उजवीकडे आला, थोडा मागे झाला. रनवेचे पांढरे पट्टे मोठे होत होते. उत्पला समोर बघायचं विसरून त्या हाताकडे बघत होती. मनगटावरची थरथर ओसरत ओसरत गेली. पुरती नाही, पण पाणी निवळावं तशी.

"माय कंट्रोल," विमान आपल्या हाती घेत कॅप्टन पुटपुटले.

ऋताने बटण दाबून जुना हात सोडवला. आता योकवर एकच हात होता. शरयू क्षणभर डळमळली आणि मग सरळ झाली. चाकं टेकली ती इतकी अलगद की उत्पलाला वेगाचा काटा उतरताना पाहून कळलं, आपण जमिनीवर आहोत.

खोलीत उकाड्याने तिघंही घामाने निथळत होती.  कॅप्टननी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं, डोळेही पुसले.

"माझं नशीब चांगलं होतं," ते म्हणाले. "पण वीस महिने ते नशीबच होतं. मला आधी कळलं असतं, तर मी आधी उतरलो असतो. कुणीतरी सांगायला हवं होतं."

हे ऐकलं आणि ऋताचा चेहरा बदलला. तिने चहाचा कप उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"सर, मी तुमच्या मागे लागले ती नुसती लँडिंगसाठी नाही. त्या चारशे हातांत आणखी एक हात आहे. त्यातही हेच आहे. अगदी बारीक, वर गेल्यावर, हात रिकामा असताना. आम्हाला खात्री नव्हती हे काय ते. तुमच्या हातातही तेच दिसलं होतं, पण ते कशामुळे ते तुमच्याकडूनच कळणार होतं. आता खात्री झाली." तिने कप बाजूला सारला. "ते अजून उडवतात. दुसऱ्या कंपनीत. आमचे वकील म्हणतात, आपण डॉक्टर नाही, गप्प बसा."

 एका खेळासाठी केलेली वजाबाकी, आणि तिच्यात एका माणसाचं येणारं आजारपण डॉक्टरांच्याही आधी लिहिलेलं! उद्या हे यंत्र कुणाकुणाच्या हातात डोकावेल, आणि ते पाहून कोण कुणाची नोकरी काढेल, हेही उत्पलाच्या मनात आलं. "बाबा, हे फार नाजूक आहे," ती म्हणाली. "त्याच्या कंपनीला आधी कळलं तर..."

"कंपनीला कशाला? त्यालाच सांगायचं." कॅप्टन ऋताकडे वळले. "नाव मला सांगू नकोस. तू फोन लाव, माझं नाव सांग, बोलायचं का विचार. हो म्हणाला तर माझ्याकडे दे."

ऋता अंगणात गेली. बऱ्याच वेळाने आली आणि तिने फोन पुढे केला. कॅप्टननी तो डाव्या हातात घेतला. फोन कानाशी थरथरत राहिला, त्यांनी हात बदलला नाही.

"मी नागपूरहून कॅप्टन खोब्रागडे बोलतोय. हे पहा, घाबरायचं काही..."

"सर!" पलीकडचा आवाज त्या शांत खोलीत सगळ्यांना ऐकू आला. "सर, मी अभिराम. अभिराम तळवलकर. गुवाहाटीच्या फ्लाइटला मी तुमच्या शेजारी होतो."

कॅप्टन थबकले. "तू खिडकीबाहेर पाहत होतास."

"मी पाहिलं होतं, सर. बोललो नाही. तुम्हाला कसं सांगायचं ते कळलं नाही." आवाज खाली आला. "आता माझ्या शेजारचा पोरगा खिडकीबाहेर बघतो."

उत्पलाने ऋताचं मनगट धरलं आणि दोघी खोलीबाहेर आल्या. दार तिने ओढून घेतलं. आतून बराच वेळ बाबांचा आवाज येत राहिला. इतकं सलग बोलताना तिने त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. एकदा तर ते हसलेसुद्धा.

अभिराम दुसऱ्याच दिवशी आपण होऊन ड्यूटीवरून उतरला. तपासण्या झाल्या. आजार अजून फार वाढला नव्हता, औषध लगेच सुरू झालं. कंपनीने त्याला जमिनीवर, नव्या पायलटांना शिकवायच्या कामावर घेतलं. सगळ्यांचंच असं निभेल असं नाही, हे कॅप्टनना ठाऊक होतं. म्हणून होकार देताना त्यांनी ऋताला एक अट घातली: कुठल्याही हातात असं काही दिसलं तर ते सगळ्यात आधी त्या हाताच्या मालकाला सांगायचं, आणि त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणालाही नाही. गटाने ती मान्य केली. वकिलांनी कुरकुर केली, पण मान्य केली.

शरयू जुलैत आली. पहिल्याच दिवशी इतक्या लोकांनी ती उतरवून घेतली की पुण्याचा सर्व्हर दोनदा झोपला. फोरमवर नुसता जल्लोष. 'खोब्रागडे' या नावाचा हात जोडून कोण कुठला ब्राझीलचा मुलगा, कोण कुठली जपानची आजी पोर्ट ब्लेअरला उतरत होती, आणि आपल्या योकमधून काय जाणवलं ते सांगायला त्यांना शब्द सापडत नव्हते.

उत्पला तास आटोपून धावतपळत घरी आली. चपला दारातच भिरकावून ती मागच्या खोलीकडे गेली. आत डाव्या खुर्चीत बाबा होते. उजव्या खुर्चीत सकाळच्या विमानाने आलेला, कानशिलांवर पांढरे केस असलेला अभिराम. बाबांनी हात खिशात घातला नव्हता.

"मी तीन वर्षं वाट पाहिली," ती दारातूनच म्हणाली. "आणि मलाच जागा नाही?"

"मागे बस," बाबा मान न वळवता म्हणाले. "बोलू नको. वारा वाढून राहिला."

तिने स्वयंपाकघरातून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं आणि दोघांच्या मधोमध, थोडं मागे, बसली. समोरच्या तीन पडद्यांत ढग फाटत गेले आणि खाली अख्खा समुद्र उघडा पडला.